तिळवा

आमच्या आजीच्या बोलण्यात एक शब्द असा होता, की त्याचा अर्थ घरात कुणालाच लागत नव्हता. "माझो बापूस तिळवार गेलो, तो थंयच ऱ्हवलो." लहानपणी मला वाटायचं तिळवा हे एखादं बेट असेल. मामा म्हणायचा, आफ्रिकेतलं गाव आहे. एका वर्षी महालयाला आलेल्या भटजींनी त्याचा संबंध थेट तर्पणाच्या काळ्या तिळांशी लावून दिला होता आणि आजी त्यांच्याकडे बघत राहिली होती.

आजीचं गाव मालवण आणि देवगडच्या मधलं, दर्याला लागून. आम्ही गाबीत, दर्यावर जगणारे. आजीचे वडील बोटीवर खलाशी होते आणि लढाईच्या काळात बुडाले, एवढंच आम्हांला माहीत. घरात त्यांचा फोटो नाही. कंपनीकडून एक इंग्रजी पत्र आलं होतं, ते शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं, पुढे ट्रंकेत वाळवीनं खाल्लं. उरला होता मनीऑर्डरच्या कुपनाचा एक तुकडा. तोही इतका विरलेला, की 'मुंबई' सोडून काही वाचता येत नाही. त्यात कोकणात 'बोट बुडाली' म्हटलं की सगळ्यांना आठवते ती रामदास, १९४७ च्या जुलैत भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना उलटलेली. आमच्या आत्येमामांपैकी दोघे तर ठामपणे सांगायचे, की पणजोबा रामदासवरच होते. आजी चिडायची. "रामदास मागसून बुडली. माझो बापूस तेच्या आदी गेलो." पण ती तेव्हा तीन वर्षांची. तिचं कोण ऐकतो!

मे २०२४ मध्ये डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून उभ्या उभ्या मोबाईल चाळत होतो. बातमी होती ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाची. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजातली चांदी कुणाची, असा खटला. जहाज मुंबईहून डर्बनला निघालं होतं. नाव 'तिलावा'. मी ती ओळ दोनदा वाचली. मग तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. तिलावा, तिलवा, तिळवा.

मध्येच मुलुंडला उतरलो आणि फलाटावरूनच गावी फोन लावला.

"आजये, तुझी तिळवा म्हणजे बोटीचा नाव काय गो?"

पलीकडे क्षणभर काही नाही. मग, "आणि मी काय सांगतंय इतकी वर्षां?"

म्हणजे ऐंशीएक वर्षं ती जहाजाचं नाव अगदी बरोबर सांगत होती आणि आम्ही शिकलेसवरलेले तिला गाव, बेट आणि तीळ शिकवत होतो.

एस. एस. तिलावा ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोट, १९२४ साली बांधलेली, दहा हजार टनांची. मुंबई ते पूर्व आफ्रिका ही तिची फेरी: मोंबासा, आताचं मापुटो, मग डर्बन. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून सुटली तेव्हा तिच्यावर ९५८ माणसं होती. बहुतेक उतारू हिंदी, त्यांत आफ्रिकेतल्या घरी परतणारी गुजराती कुटुंबं पुष्कळ. २३ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, सेशेल्सच्या ईशान्येला भर अरबी समुद्रात, आय-२९ या जपानी पाणबुडीनं तिच्यावर टॉर्पेडो सोडला. बोट लगेच बुडाली नाही. होड्या उतरवताना झुंबड उडाली, त्यात माणसं पडली, चेंगरली. पण बोट तरंगतेय असं पाहून काही जण होड्यांतून पुन्हा वर चढायला लागले आणि तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला. एकूण २८० गेले, त्यांत बोटीवरचे कर्मचारी २८. उरलेले दोन दिवस होड्यांत आणि तराफ्यांवर होते. एचएमएस बर्मिंगहॅम या युद्धनौकेनं ६७४ जणांना उचलून २७ नोव्हेंबरला मुंबईत आणलं. चार जण कार्थेज या जहाजाला सापडले.

हे सगळं इंटरनेटवर तासाभरात कळलं. पणजोबा त्या २८ मध्ये होते का, हे कळायला मात्र चार महिने लागले. त्यातले तीन मी चुकीच्या ठिकाणी शोधत घालवले.

आधी लंडनच्या टॉवर हिल स्मारकाची यादी उघडली. समुद्रात गेलेल्या, थडगं नसलेल्या व्यापारी खलाशांचं ते स्मारक. दुसऱ्या महायुद्धातली जवळजवळ २४ हजार नावं तिथे कोरलेली आहेत. त्यात आपलं माणूस नाही. नंतर उमगलं की असणारच नव्हतं. हिंदी खलाशी त्याच बोटींवर होते, त्याच टॉर्पेडोंनी मेले, पण त्यांचा करार वेगळा होता. 'लस्कर' म्हणून सही घ्यायची, पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका, झोपायची जागाही कमी. १९३९ च्या शरदात लढाई सुरू होताच हिंदी खलाशांनी ब्रिटनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या बंदरांत पगारवाढीसाठी संप केले, तुरुंगात गेले, आणि थोडी वाढ मिळवूनच पुन्हा डेकवर चढले. करार वेगळा होता, तशी त्यांची स्मृतीही वेगळ्या जागी ठेवली गेली.

ती जागा माझ्या रोजच्या लोकलच्या मार्गावर निघाली. मशीद बंदरजवळचं इंडियन सेलर्स होम. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना मशीद हे शेवटच्या आधीचं स्टेशन, वीस वर्षं मी त्यावरून जातोय.

तिथे जाण्याआधी नाव हवं होतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावं शोधता येतात. मी आडनाव टाकलं, काही नाही. मालवणकडच्या तऱ्हेनं टाकलं, मुंबईच्या तऱ्हेनं टाकलं, काही नाही. इथे आजीच कामाला आली. तिला विचारलं, तुझ्या बापसाक बोटीर काय म्हणत? ती म्हणाली, नाव आणि बापाशीचा नाव. आडनाव खंय होता तेव्हा!

खरंच होतं ते. बोटीवर भरती व्हायची सारंगाच्या ओळखीनं. सारंग आपल्या गावची, आपल्या वाडीची पोरं घेऊन जायचा. त्याच्या हाताखाली टंडेल, मग सुकाणी, कसाब, खलाशी. जेवण करणारा भंडारी, झाडू मारणारा टोपास. (आमच्या भंडारी शेजाऱ्यांना हे ऐकून भलतीच मजा वाटली.) डेकवर कोकणातले आणि काठेवाडातले, उतारूंच्या दिमतीला गोव्याचे, ज्यांचे मुंबईत गावागावाचे 'कूड', म्हणजे एकत्र राहायच्या जागा, होते. खलाशाच्या नोकरीचा दाखला म्हणजे 'नली'. पूर्वी तो कागद पत्र्याच्या नळीत घालून ठेवत म्हणून नली, असं म्हणतात. त्या नलीवर नाव आणि बापाचं नाव यायचं, तेही समोरच्या कारकुनाच्या कानाला जसं लागेल तसं. एका 'बाबाजी'चं इंग्रजी स्पेलिंग मी निरनिराळ्या सहा तऱ्हांनी पाहिलंय. आणि माणूस बुडाला की नलीही त्याच्याबरोबर बुडायची.

तेव्हा नाव बाजूला ठेवून उलट्या टोकानं सुरुवात केली. संकेतस्थळावर तारीख टाकता येते आणि स्मारकही निवडता येतं. २३ नोव्हेंबर १९४२. मुंबई-चितगाव स्मारक. आणि मग एकाखाली एक नावं.

यादी वाचताना वाटलं होतं तसा धक्का वगैरे बसला नाही. वाटली ती गंमत. प्रत्येक नाव मोठ्यानं उच्चारून त्यातला मराठी किंवा कोकणी माणूस बाहेर काढायचा. इंग्रजीत भलतंच वाटणारं नाव मोठ्यानं म्हटलं की एकदम आपल्या वाडीतला कुणीतरी उभा राहतो. बायको शेजारी बसून हसत होती. मग एका नावाशी दोघंही थांबलो. नाव तीन अक्षरांनी चुकलेलं. बापाचं नाव जवळजवळ बरोबर. हुद्दा: सीमन. वय ३०. पुढे एक ओळ, अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, मुक्काम रत्नागिरी. तेव्हा आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. बायकोचं म्हणून जे नाव छापलं होतं, ते माझ्या पणजीचं होतं. त्यात एकही चूक नव्हती.

नावं मी इथे लिहीत नाही. मामाला ते नको आहे.

त्याच तारखेबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट सापडली आणि ती काही दिवस डोक्यातून जाईना. त्याच २३ नोव्हेंबरला अटलांटिकमध्ये बेनलोमंड नावाचं दुसरं ब्रिटिश जहाज बुडालं होतं. त्यातला पून लिम हा चिनी स्ट्यूअर्ड एकटा वाचला. लाकडी तराफ्यावर १३३ दिवस काढले, मासे पकडून, पावसाचं पाणी साठवून, आणि एप्रिलमध्ये ब्राझीलच्या कोळ्यांना सापडला. मी हे आजीला सांगायला नको होतं. ती म्हणाली, "बघ. आमची आवस ह्याच म्हणा. खंयतरी लागलो आसतलो."

पणजीनं बारा वर्षं कुंकू पुसलं नाही. लोकांनी बोल लावले, भावांनी समजावलं. कंपनीचं पत्र आलं तेव्हा ती म्हणाली होती, कागद म्हणतो बुडाला, बघितलं कुणी? तेव्हा हिंदी खलाशांच्या वारसांसाठी सरकारची पेन्शन योजना होती, पण तिच्यासाठी आधी नवरा मेला असं मान्य करून अंगठा लावावा लागणार. तिनं काही महिने लावला नाही, मग पोरांच्या पोटासाठी लावला आणि घरी येऊन पुन्हा कुंकू लावलं. बारा वर्षं भरल्यावर पालाशविधी केला. देह मिळाला नाही तर पळसाची आणि दर्भाची माणसाएवढी प्रतिमा करून तिला अग्नी देतात, तो. आजी तेव्हा पंधरा वर्षांची. तिला तेवढं मात्र लख्ख आठवतं. वाळूवर पळसाचा माणूस, आणि तो भुर्रकन जळून गेला, खऱ्या माणसासारखा वेळ लागला नाही.

मामाला मी एक गोष्ट उशिरा सांगितली. मामाच्या ओटीवर नेताजींचा फोटो आहे, आजोबांच्या वेळेपासूनचा. दर २३ जानेवारीला हार असतो. तिलावा बुडवणारी आय-२९ पाणबुडी तीच, जिनं १९४३ च्या एप्रिलमध्ये मादागास्करजवळच्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून नेताजींना उतरवून घेतलं आणि सुमात्राच्या सबांगला नेलं. पाचच महिन्यांचं अंतर. ज्या पाणबुडीच्या प्रवासाची गोष्ट मामा आम्हांला लहानपणी रंगवून सांगायचा, खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून एका पाणबुडीतून दुसरीत वगैरे, ती ही. १९४४ च्या जुलैत अमेरिकनांनी तीही बुडवली.

मामा बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या आज्याक मारून ती थंय गेली."

"होय."

"नेताजींका काय म्हायत आसतला?"

"तेंका कशाक म्हायत आसतला."

फोटो अजून तिथेच आहे. हारही असतो. मी त्याला पुन्हा विचारलेलं नाही.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी मशीद स्टेशनला उतरलो. मालाच्या हातगाड्या, मसाल्याचा वास, आणि त्या गर्दीतून सेलर्स होम. पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी नाविकांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी आहे तो एक ग्रंथ. रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ ६ हजार, सगळे अखंड हिंदुस्थानचे. त्याची दुसरी प्रत चितगावच्या युद्ध स्मशानभूमीत आहे, कारण एंजिनखोलीत कोळसा मारणारी सिल्हेट-नोआखालीची माणसं तिकडची. एकच यादी, दोन देशांत.

नाव सापडायला वेळ लागला नाही. तोवर त्यांचं चुकीचं नाव मला पाठ झालं होतं. फूल न्यावं की नाही, हे घरी ठरलं नव्हतं, म्हणून काहीच नेलं नव्हतं. खिशात ते कुपन होतं. ते काढून पुस्तकाशेजारी ठेवलं, कुणी बघायच्या आत परत खिशात घातलं. काय करत होतो ते मलाच नीट सांगता येणार नाही.

नाव दुरुस्त करायचं का, यावर घरात बरीच चर्चा झाली. पुरावा दिला तर कमिशन नोंद सुधारतं. पुरावाही अनपेक्षित ठिकाणी मिळाला, जमिनीच्या जुन्या फेरफारात. पणजोबांच्या नावावर चार माड आणि पडवीएवढी जागा होती. वारस लावताना तलाठ्यानं पूर्ण नाव, आडनावासकट, सुवाच्य मोडीवळणाच्या देवनागरीत लिहिलंय, आणि पुढे 'दर्यावर्दी, बोट बुडून मयत'. चार शब्दांत एवढं नेमकं आमच्या घरात कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, अर्ज भरला. आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, नको पाठवू. का, तर तिच्या आईला पेन्शन त्याच चुकीच्या नावानं यायची. पोस्टमन तेच नाव हाक मारून दारात उभा राहायचा. "त्या नावार आमी जेवलंव." अर्ज अजून लॅपटॉपमध्ये आहे. मामा म्हणतो पाठव. मी आजीचं ऐकलंय, तूर्त तरी.

चांदीचं काय झालं, हे तिनं एकदाच विचारलं. २०१७ साली एका कंपनीनं अडीच किलोमीटर खोल पाण्यातून तिलावातले २,३६४ चांदीचे गट्टू वर काढले. दक्षिण आफ्रिकेनं ते १९४२ मध्ये नाणी पाडायला मागवले होते. कोर्ट म्हणालं, बोटीत नुसता माल म्हणून पडलेली चांदी व्यापारी वापरात नव्हती, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध त्या कंपनीचा दावा चालत नाही. हे समजावताना माझीच दमछाक झाली. आजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अडीच किलोमीटर म्हणजे हयसून खंयपर्यंत?" मी म्हटलं, सड्यावरच्या शाळेपर्यंत, पण सरळ खाली. ती उठून आत गेली.

तारीख मिळाल्यावर तिथीचा प्रश्न आला. इतकी वर्षं पणजोबांचं पान सर्वपित्रीला वाढलं जायचं, ज्यांचं काहीच ठाऊक नाही अशा सगळ्यांबरोबर. भटजींना तारीख दिली. आता त्यांचा मुलगा येतो, बी.कॉम. झालेला. त्यानं शके १८६४ चं, चित्रभानु संवत्सराचं गणित काढलं. २२ नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा. त्याच रात्री ती संपून कार्तिक वद्य प्रतिपदा लागली. आता प्राण पहिल्या टॉर्पेडोत गेला, दुसऱ्यात, की पाण्यात, यावर थोडी चर्चा त्यानं केली, पण शेवटी सोमवारची प्रतिपदा धरली. २०२४ मध्ये ती १६ नोव्हेंबरला आली.

आदल्या रात्री गावात दीपमाळ पेटली होती. आम्ही सगळे मुंबई-डोंबिवलीहून आलो होतो, मुलांना त्रिपुर बघायचे होते. आजीला देवळापर्यंत चालवत नाही, ती ओटीवर बसून होती. वर्षांनुवर्षं या रात्री ती देवळात पणती लावून आली होती आणि कशाशी त्याचा संबंध आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मी शेजारी जाऊन बसलो.

"त्या राती चांदणा होता?" तिनं विचारलं.

"पौर्णिमाच होती गो."

"ढग?"

ते मला कुठे सापडलं नव्हतं. मी गप्प राहिलो.

"नसतले," ती म्हणाली. "कार्तिकात खंयचे ढग." आणि मग, थोड्या वेळानं, "पान सर्वपित्रीचा पण वाढायचा हां. ता बंद करू नको. थंय त्याचे जोडीदार येतत."